नवी डिस्क बसवली, पण संगणक सुरू होईना!

घाबरून फॉरमॅट करू नका, जुनी डिस्क हाताशी ठेवा

कपड्याच्या पेढीवर पूर्वी लाल बासनातली चोपडी सांभाळली की धंदा सांभाळला असे समजत. रोजमेळ, खतावणी आणि उधारीची वही, हे तीन ऐवज रात्री तिजोरीत गेले की मालक निर्धास्त झोपे. आता हे तिन्ही ऐवज संगणकाच्या डिस्कमध्ये गेले आहेत. ही डिस्क तळहाताएवढीसुद्धा नसते, पण ती रुसली तर दुकान उघडे असूनही धंदा बंद पडतो.

जुनी हार्ड डिस्क मंदावली की हल्ली दुरुस्तीवाले एसएसडी बसवण्याचा सल्ला देतात. सल्ला चांगला आहे. एसएसडीत फिरणारी तबकडी नसते, त्यामुळे वेग वाढतो आणि धक्क्याने बिघडण्याची भीती कमी होते. जुन्या डिस्कवरचे सगळे जसेच्या तसे नव्या डिस्कवर उतरवायचे, याला क्लोनिंग म्हणतात. विंडोज, हिशेबाचा प्रोग्रॅम, बिले, छपाईची मांडणी, सगळे पूर्वीसारखे मिळते. निदान मिळायला हवे. पण पुष्कळदा असे होते की क्लोनिंग शंभर टक्के पूर्ण झाल्याचा संदेश येतो, डिस्क बसवली जाते, बटण दाबले जाते आणि पडद्यावर काळ्या रंगावर पांढरी इंग्रजी ओळ येऊन थांबते. आम्हाला हा अनुभव एकाच महिन्यात दोनदा आला, एकदा बारामतीत आणि एकदा इंदापुरात. दोन्हीकडे दिसणे एकच होते, कारणे मात्र वेगळी निघाली. म्हणून हा लेख.

बारामतीचा अनुभव

२०२५ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. तुळशीचे लग्न उरकले की आमच्याकडे बस्त्यांची गर्दी सुरू होते. दुकानातला संगणक २०१४ सालचा. बिल काढायला लागला की गिऱ्हाईक चहा पिऊन होई तरी कागद बाहेर येत नसे. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही ४८० जीबीची एसएसडी घेतली. दुरुस्तीवाल्या मुलाने रात्री क्लोनिंग केले, सकाळी डिस्क बसवली. पडद्यावर ओळ आली, 'नो बूटेबल डिव्हाइस'.

त्याच दिवशी महिन्याच्या विक्रीचे विवरण भरायचे होते. जीएसटीआर-१ ची तारीख ११, आणि त्यामागून जीएसटीआर-३बी ची २०. ३बी ला उशीर झाला तर रोजचे ५० रुपये विलंब शुल्क लागते. पण पैशाची चिंता त्यापुढची होती. आमची निम्मी विक्री शेतकरी घरांना, आणि ती उधारीवर. ऊसबिल आले की माणूस येतो आणि म्हणतो, माझे किती निघतात ते सांगा. तो स्वतः आकडा लिहून ठेवत नाही, आमच्यावर भरवसा ठेवतो. तो आकडा गेला तर एक तर आमचे पैसे बुडाले, नाहीतर दिलेले पैसे आम्ही परत मागितले. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा वाईट. उधारीची वही ही गिऱ्हाइकाची अमानत असते.

त्या गडबडीत कोणीतरी म्हणाले, नवीच डिस्क खराब निघाली, तिच्यावर विंडोज नव्याने टाका. दुसरा म्हणाला, जुनी डिस्क आता मोकळीच आहे, ती कॅमेऱ्याच्या डीव्हीआरमध्ये लावून टाकू. डिस्क डीव्हीआरच्या पेटीपर्यंत गेलीसुद्धा होती. डीव्हीआर आपल्या कामासाठी डिस्क आधी फॉरमॅट करायला लावतो, म्हणजे तिच्यावरचा मजकूर गेलाच. आम्हाला संगणकाचे शास्त्र फारसे येत नाही, पण नव्या मुनिमाने हिशेब ताब्यात घेतल्याशिवाय जुन्या मुनिमाला रजा देऊ नये एवढे कळते. डिस्क परत काढून घेतली.

दुपारी कारण सापडले. जुन्या डिस्कचे दोन भाग होते. मोठ्या भागाला सी ड्राइव्ह म्हणत, त्यात विंडोज आणि हिशेब. त्याच्या आधी काहीशे एमबीचा एक छोटा भाग होता, नाव 'सिस्टम रिझर्व्ड'. संगणकाला सुरू करणाऱ्या फायली त्यात असतात. त्या भागाला अक्षर नसते, म्हणून तो नेहमीच्या यादीत दिसत नाही. मुलाने फक्त सी ड्राइव्ह उतरवून घेतला, छोटा भाग राहून गेला. नव्या डिस्कवर माल पूर्ण होता, फक्त दाराची किल्ली जुन्या डिस्कवर राहिली होती. पुन्हा क्लोनिंग केले, या वेळी 'पूर्ण डिस्क' असा पर्याय निवडून. संध्याकाळी यंत्र सुरू झाले आणि विवरण वेळेत गेले.

संगणक सुरू होतो कसा?

दोष शोधायचा तर सुरू होण्याचा क्रम माहीत हवा. बटण दाबल्यावर प्रथम मदरबोर्डवरचा छोटा प्रोग्रॅम जागा होतो. त्याला बायोस म्हणतात, नव्या यंत्रात त्याची जागा यूईएफआयने घेतली आहे. हा प्रोग्रॅम जोडलेल्या डिस्का पाहतो आणि ठरलेल्या क्रमाने एकेकीकडे विचारणा करतो. ज्या डिस्कवर सुरू करणाऱ्या फायली मिळतात, तिच्या हाती कारभार सोपवतो. त्या फायलींमध्ये एक यादी असते. विंडोज कोणत्या डिस्कच्या कोणत्या भागात आहे ते त्या यादीत लिहिलेले असते. यादी वाचून विंडोज उचलले जाते आणि मग पडदा उजळतो.

आपल्या धंद्यातला दाखला देतो. इचलकरंजीहून गाठी आल्या आणि नव्या गोदामात उतरल्या. पण बिल्टीवर जुन्या गोदामाचा पत्ता राहिला. हमाल बिल्टी घेऊन जुन्या गोदामाशी जातो, कुलूप पाहतो आणि परत येऊन सांगतो, माल नाही. माल जागेवर आहे, पत्ता चुकला आहे. क्लोन केलेली डिस्क सुरू होत नाही तेव्हा बहुतेक वेळा हेच झालेले असते. म्हणून पडद्यावरची ओळ वाचून हिशेब गेला असे समजू नये.

पडद्यावरच्या ओळीचा अर्थ

ओळ इंग्रजीत असते आणि घाईत कोणी ती वाचत नाही. मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवा. दोष कोणत्या पायरीवर आहे ते ती ओळच सांगते.

'नो बूटेबल डिव्हाइस' किंवा 'बूट डिव्हाइस नॉट फाउंड' आले तर बायोसला सुरू करण्याजोगी डिस्कच मिळालेली नाही. एक तर डिस्क दिसत नाही, किंवा दिसते पण तिच्यावर सुरू करणाऱ्या फायली त्याला सापडत नाहीत.

'बूटएमजीआर इज मिसिंग' आले तर डिस्क सापडली, पण सुरू करणारी फाइल जागेवर नाही. छोटा भाग राहून गेला असेल, किंवा चुकीच्या भागावर 'ॲक्टिव्ह' अशी खूण झाली असेल.

निळ्या पडद्यावर ०xc००००००e असा आकडा आला तर फाइल मिळाली, यादीही मिळाली, पण यादीतला पत्ता बहुधा जुन्या डिस्कचा आहे.

'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' आले तर विंडोज उठले, पण उठल्यावर त्याला स्वतःचीच डिस्क वाचता येईना. इथे बायोसमधली साटाची पद्धत किंवा ड्रायव्हर पाहावा लागतो.

कोणत्या क्रमाने तपासावे?

पहिली गोष्ट. यंत्र बंद करा, वायर भिंतीतून काढा आणि जुनी डिस्क बाहेर काढून ठेवा. पहिल्यांदा सुरू करताना फक्त नवी डिस्क आत असावी. क्लोन केलेल्या डिस्कवर जुनीचाच ओळख क्रमांक उतरलेला असतो. दोन्ही एकदम जोडल्या तर एकाच नावाचे दोन खातेदार समोर आल्यासारखे विंडोजचे होते. ते एकीला बाजूला ठेवते, किंवा तिचा क्रमांक बदलते. क्रमांक बदलला की यादीतला पत्ता चुकतो आणि चांगली झालेली डिस्कही अडते.

दुसरी गोष्ट. बायोसमध्ये जाऊन नव्या डिस्कचे नाव दिसते का ते पाहा. त्यासाठी सुरू करताना डिलीट किंवा एफ २ दाबावे लागते, काही यंत्रांत बटण वेगळे असते. नाव दिसत नसेल तर पुढचे सगळे उपाय व्यर्थ. वायर सैल असेल, दुसऱ्या जागी लावून पाहा. च्युइंगगमच्या पट्टीसारखी एम-२ डिस्क असेल तर जास्त काळजी घ्या. तिच्यात साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार येतात, दिसायला जवळजवळ सारखेच. मदरबोर्डची खाच एकाच प्रकारची असेल तर दुसरी डिस्क तिथे चालत नाही. बऱ्याच जुन्या यंत्रांना एनव्हीएमई डिस्कवरून सुरू होताच येत नाही. डिस्क घेण्याआधी हे विचारावे.

तिसरी गोष्ट, बूटचा क्रम. नवी डिस्क यादीत पहिली आहे का? नव्या पद्धतीच्या यंत्रात डिस्कच्या नावाऐवजी 'विंडोज बूट मॅनेजर' अशी नोंद असते, ती वर आणावी. एखादा पेन ड्राइव्ह लागून राहिला असेल तर तोही काढावा.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि इंदापूरचा घोटाळा तिथलाच. डिस्कवरची नोंद ठेवण्याच्या दोन पद्धती आहेत. जुनी एमबीआर, १९८३ पासूनची. तिच्यात डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा कप्पा हेच दार असते, त्यात जास्तीत जास्त चार मुख्य भागांची नोंद होते आणि सुमारे २ टेराबाइटपुढची जागा वापरता येत नाही. नवी पद्धत जीपीटी. तिच्यात सुरू करणाऱ्या फायलींसाठी ईएफआय नावाचा वेगळा छोटा भाग असतो. जुन्या बायोस पद्धतीत, म्हणजे लेगसीत, विंडोज एमबीआर डिस्कवरून सुरू होते. यूईएफआय पद्धतीत त्याला जीपीटी डिस्क लागते. दोघांची जोडी जमली पाहिजे. जुनी डिस्क आत असताना यंत्र चालत असेल तर 'एमएसइन्फो३२' हा प्रोग्रॅम उघडून 'बायोस मोड'ची ओळ वाचावी. तिथे लेगसी आहे की यूईएफआय, ते समजते.

पाचवी गोष्ट, साटाची पद्धत. बायोसमध्ये आयडीई, एएचसीआय किंवा रेड असे पर्याय असतात. विंडोज ज्या पद्धतीवर घातले होते तीच ठेवावी. मदरबोर्डवर नाण्यासारखी ३ व्होल्टची बॅटरी असते. ती संपली की यंत्राची तारीख मागे जाते, आणि काही यंत्रांत अशा निवडीही मूळ जागी परततात. जुन्या यंत्रात डिस्क बदलताना तारीख चुकीची दिसली तर आधी ती बॅटरी बदलावी. किंमत किरकोळ असते आणि तपासातला एक संशय मिटतो.

सहावी गोष्ट, दुरुस्तीचा पेन ड्राइव्ह. दुसऱ्या चालू संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या मोफत साधनाने तो तयार होतो, निदान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह लागतो. त्यावरून यंत्र सुरू केले की 'इन्स्टॉल' आणि 'रिपेअर' असे दोन रस्ते समोर येतात. रिपेअरचाच घ्यावा. त्यात 'स्टार्टअप रिपेअर' आहे, ते दोनतीनदा चालवून पाहावे. तेवढ्याने भागले नाही तर जाणकार माणूस बीसीडीबूट नावाची आज्ञा देऊन सुरू करणाऱ्या फायली आणि यादी नव्याने लिहितो. पत्ता चुकलेली बिल्टी फाडून नवी बिल्टी करावी तसे हे आहे. मात्र डिस्कपार्ट नावाच्या प्रोग्रॅममध्ये 'क्लीन' अशी एक आज्ञा आहे. ती निवडलेल्या डिस्कवरची सगळी मांडणी पुसते. जुनी डिस्क जोडलेली असताना ती आज्ञा कोणालाही देऊ देऊ नका.

पडद्यावर ४८ अंकी किल्ली मागितली तर ती बिटलॉकरची आहे. नव्या लॅपटॉपवर हे कुलूप पुष्कळदा आपोआप लागलेले असते. बायोसमध्ये फेरबदल केले की ते किल्ली मागते. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात नोंदलेली असते. म्हणून क्लोनिंगच्या आधीच ती कागदावर उतरवून घ्यावी आणि कुलूप तात्पुरते थांबवावे.

इंदापूरचा अनुभव

आमच्या भाच्याचे दुकान इंदापुरात. आमचे यंत्र पळू लागलेले पाहून त्यानेही एसएसडी घेतली. क्लोनिंग झाले, यंत्र सुरूही झाले. दोन दिवसांनी फोन आला, "मामू, एसएसडी टाकूनही वेग काही वाढला नाही." मग कोणाच्या तरी सांगण्यावरून त्याने जुनी डिस्क काढली, आणि यंत्र बंदच पडले. तीच ओळ, 'नो बूटेबल डिव्हाइस'.

आम्ही भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूर गाठले. त्याचे यंत्र अलीकडचे, यूईएफआय पद्धतीचे. जुनी डिस्क जीपीटी. पण नवी डिस्क प्रथम जोडताना एमबीआर पद्धतीने तयार केली गेली होती आणि तिच्यावर एकेक भाग उतरवला होता. यंत्राने नव्या डिस्कला विचारले, दार सापडले नाही, म्हणून मुकाट्याने जुन्या डिस्कवरून सुरू झाले. दोन दिवस यंत्र जुन्याच डिस्कवर चालत होते, नवी डिस्क आत नुसती बसून होती.

यातला खरा धोका लक्षात घ्या. त्या दोन दिवसांची सगळी बिले जुन्या डिस्कवर होती. नव्या डिस्कची नुसती दुरुस्ती करून जुनी पुसली असती तर दोन दिवसांची विक्री आणि उधारी गेली असती, आणि ती गेल्याचे पुढच्या महिन्यात कळले असते. म्हणून आम्ही जुनी डिस्क परत लावली, हिशेबाची प्रत पेन ड्राइव्हवर घेतली, नवी डिस्क जीपीटी करून पूर्ण डिस्कचे क्लोनिंग पुन्हा केले. मग जुनी काढली आणि फक्त नवीवर यंत्र सुरू केले. शेवटचे बिल क्रमांकासकट जुळवून पाहिले तेव्हाच काम झाले असे मानले.

क्लोनिंगच्या आधी पाहायच्या चार गोष्टी

एक, हिशेबाची प्रत आधी वेगळ्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर घ्या. जुनी डिस्क आवाज करत असेल तर प्रथम प्रत, मग बाकीचे. आजारी डिस्क क्लोनिंगच्या मध्येच दम सोडू शकते.

दोन, जागा मोजा. ५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये सुमारे ४६५ दिसते आणि ४८० जीबीची सुमारे ४४७. नवी डिस्क लहान असेल तर जुन्या डिस्कचा भाग आधी आखडून घ्यावा लागतो. काही प्रोग्रॅम हे स्वतः करतात, काही अडून बसतात.

तीन, जुने कोण आणि नवे कोण हे दोनदा वाचा. बाण उलटा झाला तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते. दोन्ही डिस्कांचे मापे आणि कंपनीची नावे कागदावर लिहून मगच बटण दाबावे.

चार, हिशेबाच्या काही प्रोग्रॅमचा परवाना यंत्राशी बांधलेला असतो. डिस्क बदलल्यावर तो पुन्हा चालू करावा लागू शकतो. परवान्याचा क्रमांक आणि त्याचा ईमेल आधीच शोधून ठेवा.

विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा-सुधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. त्यामुळे पुष्कळ दुकानदार आता यंत्र किंवा डिस्क बदलण्याच्या विचारात आहेत. विंडोज ११ ला यूईएफआय लागते. म्हणून आपली डिस्क एमबीआर आहे की जीपीटी, हा प्रश्न आज ना उद्या प्रत्येकाच्या दारात येणार आहे. विंडोज १० मध्ये २०१७ पासून एमबीआर२जीपीटी नावाचे साधन मिळते. ते मजकूर न पुसता डिस्कची पद्धत बदलते, पण त्याआधीही प्रत घेतलेली असावीच.

जुनी डिस्क केव्हा मोकळी करावी?

आम्ही आता असा नियम केला आहे. नवी डिस्क एकटीवर यंत्र चालले पाहिजे, शेवटचे बिल जुळले पाहिजे, छपाई झाली पाहिजे आणि एका महिन्याची दोन्ही विवरणे त्यावरून गेली पाहिजेत. तोवर जुनी डिस्क कागदात गुंडाळून, तारीख लिहून, तिजोरीत. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने हिशेब जपावा लागतो, त्यामुळे घाई करण्यात काही फायदाही नाही. आणि क्लोन म्हणजे राखीव प्रत असेही समजू नये. चालू डिस्कवर चुकून काही पुसले गेले तर महिन्यापूर्वीचा क्लोन ते महिनाभराचे परत देणार नाही. रोजची प्रत वेगळी घ्यावीच.

शेवटी डिस्क विकायची किंवा डीव्हीआरला द्यायची वेळ आली तर ती नीट पुसून द्या. तिच्यावर आपल्या गिऱ्हाइकांची नावे, मोबाइल क्रमांक आणि देणी असतात. ती बाजारात फिरू नयेत.

बारामतीच्या त्या संध्याकाळी यंत्र सुरू झाल्यावर पहिले गिऱ्हाईक आले ते एक म्हातारे शेतकरी. ऊसबिल जमा झाले होते. त्यांनी विचारले, माझे किती निघतात? आम्ही पडद्यावर पाहून आकडा सांगितला. त्यांनी मान हलवली आणि पैसे मोजले. तो आकडा ज्या डिस्कवरून नव्या डिस्कवर आला, ती सकाळी डीव्हीआरच्या पेटीपर्यंत गेली होती.